फ्लॅग अर्धा बरोबर, अर्धा कचरा: रिव्हर्सिंगच्या सुरुवातीच्या कोड्यांत चूक कुठे शोधायची

लक्षण असं. सीटीएफ, म्हणजे फ्लॅग नावाची लपवलेली ओळ शोधायची सुरक्षा-स्पर्धा, तिच्यातलं सोपं म्हणून दिलेलं रिव्हर्स इंजिनिअरिंगचं, म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून वाचायचं, कोडं. बायनरी (कंपाइल झालेली फाइल) गिड्रा या कोड उलगडणाऱ्या साधनात उघडली, मेन फंक्शन सापडलं, त्यात एक लूप, लूपमध्ये एक्सऑर (बिटांवरची अशी क्रिया की त्याच आकड्यानं पुन्हा केली की मूळ परत येतं) आणि बेरीज, शेवटी एका तक्त्याशी तुलना. सगळं समजलं. पायथनमध्ये दहा ओळींची उलटी स्क्रिप्ट लिहिली, चालवली, आणि पडद्यावर जे आलं ते फ्लॅगसारखं दिसतं, पण फ्लॅग नाही. पहिलं अक्षर जुळतं, पुढची भलतीच. किंवा मधलीच दोन-चार बिघडलेली. किंवा फ्लॅग अगदी नीट वाचता येतो, तरी प्रोग्रॅम म्हणतो, चूक.

नव्यानं शिकणाऱ्यांना मदत करताना मला हीच अडचण सगळ्यात जास्त वेळा दिसते. पुढे बहुतेक जण एकच करतात: स्क्रिप्ट पुसतात आणि पहिल्यापासून लिहितात, डोक्यातली समजूत मात्र तीच. मग चूकही तीच राहते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझं सांगणं असं की तो कचरा टाकून देऊ नका. कोणत्या जागची अक्षरं बिघडली आणि कशी बिघडली, एवढं बारकाईनं पाहिलं तरी माशी कुठे शिंकली ते बरंचसं कळतं.

आधी सुलटी स्क्रिप्ट

चूक दोनच ठिकाणी असू शकते. एक तर प्रोग्रॅम काय करतो हे तुम्ही चुकीचं वाचलंय, नाहीतर वाचलंय बरोबर पण उलटवताना गडबड झालीय. हे दोन्ही एकत्र तपासायला गेलात की तासन्‌तास जातात. म्हणून उलटी स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि सुलटी लिहा, म्हणजे प्रोग्रॅम इनपुटवर जे करतो तेच पायथनमध्ये पायरीपायरीनं करा. तिला हव्या त्या लांबीचं ओळखीचं इनपुट द्या. सगळी अक्षरं एकसारखी नकोत, ए, बी, सी, डी अशी ओळीनं द्या. अक्षरांची अदलाबदल होत असेल तर एकसारख्या अक्षरांत ती दिसणारच नाही.

मग तेच इनपुट खऱ्या प्रोग्रॅमला जीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्रॅम मधेच थांबवून आतलं बघायच्या साधनात) द्या, तुलनेच्या अगदी आधी थांबवा आणि मेमरीत तयार झालेले बाइट छापून घ्या. तुलना मेमसीएमपी किंवा स्ट्रसीएमपी या सीच्या तयार फंक्शननं होत असेल तर ६४ बिटांच्या लिनक्सवर पहिल्या बफरचा पत्ता आरडीआय रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) असतो आणि दुसऱ्याचा आरएसआयमध्ये. विंडोजवर तेच आरसीएक्स आणि आरडीएक्स. तुलना लूपमध्येच एकेक बाइट करून होत असेल तर सीएमपी सूचनेवर थांबा आणि तिथली रजिस्टरं वाचा. असा लूप पहिलं अक्षर चुकताच बाहेर पडतो, त्यामुळे इनपुटची सुरुवात ठाऊक असलेल्या फ्लॅगच्या उपसर्गानं करा, म्हणजे निदान चार-पाच फेऱ्या बघायला मिळतील.

आता दोन्हीकडचे बाइट समोरासमोर ठेवा. जुळले तर तुमचं वाचन बरोबर आहे, दोष फक्त उलटवण्यात. जुळले नाहीत तर उलट्या स्क्रिप्टकडे बघूसुद्धा नका. जिथे पहिला बाइट वेगळा पडला, त्या पायरीचं वाचन पुन्हा करा. या तपासणीला पंधरा मिनिटं लागतात, आणि मी ती आता फ्लॅग पहिल्या फटक्यात आला नाही की लगेच करतो.

इथेच अनेकांचा ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, बसत नाही. गिड्रात पत्ता दिसतो हेक्स १०११८९, जीडीबीत तोच टाकला की त्या मेमरीपर्यंत पोहोचता येत नाही असा संदेश येतो. कारण आजकालच्या बहुतेक बायनरी कुठल्याही पत्त्यावर बसतील अशा बनवलेल्या असतात. गिड्रा अशा ६४ बिटांच्या फाइलला १००००० या पायावर (सुरुवातीच्या पत्त्यावर) मांडतं, तर जीडीबी लिनक्सवर साधारणपणे ५५५५५५५५४००० वर. पहिला पाया वजा करा, दुसरा मिळवा: १०११८९ चं झालं ५५५५५५५५५१८९. किंवा गिड्राच्या मेमरी मॅपमध्ये जाऊन पायाच बदलून टाका, म्हणजे दोन्हीकडे एकच पत्ता दिसेल. मी दुसरा मार्ग घेतो, डोक्याला त्रास कमी.

पहिलं अक्षर बरोबर, दुसऱ्यापासून बिघाड

हा सगळ्यात बोलका कचरा. शून्याव्या जागी निरुपद्रवी असणारी एखादी पायरी पुढे पुढे बोचायला लागते, म्हणजे त्या पायरीत लूपचा इंडेक्स आहे.

एक उदाहरण हातानं सोडवून बघू. प्रोग्रॅम प्रत्येक अक्षर २३ शी एक्सऑर करतो आणि मग त्यात इंडेक्स मिळवतो. फ्लॅगची सुरुवात एफ, एल, ए, जी आणि महिरपी कंस. त्यांचे आस्की आकडे १०२, १०८, ९७, १०३, १२३. एक्सऑर केल्यावर ११३, १२३, ११८, ११२, १०८. इंडेक्स मिळवल्यावर ११३, १२४, १२०, ११५, ११२. फाइलमधल्या तक्त्यात हेच आकडे सापडतील.

उलटवताना शेवटची पायरी आधी सोडवायची: आधी इंडेक्स वजा, मग एक्सऑर. पण घाईत माणूस प्रोग्रॅमच्याच क्रमानं जातो, आधी एक्सऑर करतो आणि मग वजाबाकी. ११३ ला २३ शी एक्सऑर केलं की १०२, त्यातून शून्य वजा, एफ बरोबर आला. १२४ चं एक्सऑर १०७, त्यातून १ गेला की १०६, म्हणजे एलच्या जागी जे. पुढे १०९, ९७, ९९. पडद्यावर एफ, जे, एम, ए, सी. पहिलं अक्षर जुळल्यामुळे 'की', म्हणजे एक्सऑर करायचा आकडा (इथे २३), बरोबर आहे असं वाटतं, आणि ती खरोखरच बरोबर असते. चुकलाय तो फक्त क्रम.

याच्याच जवळचं, पण वेगळं लक्षण: पहिली दोन अक्षरं बरोबर आणि तिसऱ्यापासून कचरा. हे दिसलं की मी थेट विचारतो, प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षराशी एक्सऑर होतंय का? प्रोग्रॅम डावीकडून उजवीकडे जात त्याच बफरमध्ये लिहीत असेल, तर प्रत्येक बाइट आधीच्या बदललेल्या बाइटशी मिसळलेला असतो. तुम्हीही डावीकडून सुरुवात केलीत आणि त्याच यादीत उत्तर लिहीत गेलात, तर दुसऱ्या अक्षरापर्यंत सगळं ठीक. कारण पहिला बाइट बदललेलाच नव्हता. तिसऱ्याला मात्र दुसऱ्याचा जुना, बदललेला बाइट हवा असतो आणि तो तुम्ही आत्ताच पुसलाय. शेवटाकडून सुरुवातीकडे जा, किंवा मूळ यादीची प्रत वेगळी ठेवा.

दर चौथं अक्षर, आणि उलटे गट

या दोन्हींचं मूळ एकच: मेमरीतले बाइट आणि आपण वाचलेले आकडे यांचा मेळ बसलेला नाही.

तक्ता चार बाइटांच्या पूर्णांकांचा असेल तर मेमरीत प्रत्येक लहान आकड्यामागे तीन शून्यं बसतात. गिड्रातून बाइट उचलताना ती शून्यंही आली की स्क्रिप्ट त्यांनाही अक्षर समजते. मग दर चौथ्या जागी काहीतरी अर्थाचं आणि मधे तीन निरर्थक खुणा, शिवाय इंडेक्सही चौपट वेगानं पुढे जातो. लूपमध्ये इंडेक्सला ४ नं गुणलेलं दिसतंय का ते पाहा, दिसलं की तक्ता इंट जातीचा. गिड्रात त्या जागेला नीट प्रकार देऊन मगच उचला.

दुसरा प्रकार स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, भरलेल्या स्ट्रिंगचा. कंपायलर लहान स्ट्रिंग तुकड्यातुकड्यांनी, आठ-आठ बाइटांच्या मोठ्या आकड्यांत भरतो, आणि इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर सगळ्यात हलका बाइट आधी ठेवला जातो. चार बाइटांचं उदाहरण घ्या: गिड्रात आकडा दिसतो हेक्स ६५७४६१६७. डावीकडून वाचलं तर ई, टी, ए, जी. मेमरीत मात्र क्रम ६७, ६१, ७४, ६५, म्हणजे जी, ए, टी, ई. गट उलटे दिसले की एवढंच करायचं: प्रत्येक आकड्याचे बाइट फिरवायचे. आकड्यांचा आपसातला क्रम मात्र जसा स्टॅकवर आहे तसाच.

यात एक खाचखळगा आहे जो फार जणांना पाडतो. स्ट्रिंगची लांबी आठच्या पटीत नसेल तर कंपायलर कधीकधी शेवटचा आठ बाइटांचा तुकडा आधीच्या तुकड्यावर थोडा चढवून लिहितो. गिड्रा त्याचे वेगवेगळे लोकल (फंक्शनपुरती चलं) दाखवतं, आपण ते एकामागे एक जोडतो, आणि मधली काही अक्षरं दोनदा येतात किंवा पुढचं सगळं सरकतं. लोकलच्या नावातला आकडा म्हणजे स्टॅकवरची जागा. दोन नावांमधलं अंतर मोजा, आठपेक्षा कमी निघालं तर तुकडे एकमेकांवर चढलेत. खरं तर हे सगळं डोक्यात करण्यापेक्षा जीडीबीत भरून झाल्यावर थांबावं आणि तयार बाइट उचलावेत.

२०१९ साली अमेरिकेच्या एनएसएनं गिड्रा सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यामुळे चांगला डिकंपायलर (बायनरीतून सीसारखा कोड काढणारं साधन) पैसे न मोजता हाती आला. त्याचा एक परिणाम असा की नवी मंडळी असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना) न बघता थेट सी वाचायला लागतात. ते चांगलंच आहे. पण डिकंपायलरनं दाखवलेला सी म्हणजे त्याचा अंदाज असतो. क्रिया तो बहुधा बरोबर ओळखतो, प्रकार आणि रुंदी मात्र अनेकदा चुकवतो. कचरा आला की त्या एका लूपपुरती असेंब्ली वाचायला हवीच.

मधलीच काही अक्षरं चुकतात

बाकी फ्लॅग स्वच्छ, पण तीन-चार जागी भलतंच काही. इथे क्रमाची शंका घेऊ नका, क्रम चुकला असता तर बिघाड एवढ्या मोजक्या जागी थांबला नसता. इथे बहुधा रुंदीचा किंवा चिन्हाचा घोळ असतो, आणि तो फक्त मधला आकडा १२७ च्या वर गेला की दिसतो.

समजा मधला आकडा १८० आहे आणि त्याला पाच घरं उजवीकडे सरकवायचंय. बिनचिन्हाचा बाइट धरला तर उत्तर ५. चिन्हाचा धरला तर १८० म्हणजे उणे ७६, आणि उत्तर उणे ३. बाइट फिरवण्याच्या कोड्यांत हा फरक हमखास नडतो. असेंब्लीत मूव्हझेडएक्स आणि एसएचआर दिसले तर बिनचिन्हाचं, मूव्हएसएक्स आणि एसएआर दिसले तर चिन्हाचं. ही चार नावं पाठ असली की हा प्रश्न मिनिटात सुटतो.

पायथनचे पूर्णांक तर कितीही मोठे होतात. सीमध्ये बाइट २५५ च्या पुढे गेला की आपोआप कापला जातो, पायथनमध्ये ते तुम्हालाच करावं लागतं. प्रत्येक बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि डावीकडच्या सरकवण्यानंतर २५५ नं मास्क करा (अँड करून खालचे आठ बिटच ठेवा), ३२ बिटांचं चल असेल तर त्या रुंदीच्या मास्कनं. शेवटी एकदाच मास्क केला तर मधल्या उजवीकडच्या सरकवण्यात वरचे नको असलेले बिट खाली येतात. बाकी काढतानाही जपा: उणे ७ ला ३ नं भागून सीमध्ये बाकी उणे १ येते, पायथनमध्ये २.

गुणाकार उलटवायला भागाकार चालत नाही, हेही इथेच सांगतो. एफचा आकडा १०२, त्याला ५ नं गुणलं की ५१०, बाइटात उरले २५४. २५४ ला ५ नं भागून काही हाती लागत नाही. पण ५ आणि २०५ चा गुणाकार १०२५, त्याची २५६ नं बाकी १, म्हणून २०५ नं गुणलं की ५ चा परिणाम पुसला जातो: २५४ गुणिले २०५ म्हणजे ५२०७०, त्याची २५६ नं बाकी १०२. पायथन ३.८ पासून पॉव फंक्शनला उणे १ घात आणि २५६ मापांक दिला की हा २०५ ते स्वतः काढून देतं. गुणक सम असेल तर असा आकडाच नसतो, मग २५६ च्या २५६ शक्यता तपासून बघणं सोपं. नाहीतरी एकेका बाइटाचं कोडं असेल तर उलटवण्याचा आटापिटा करण्यापेक्षा सुलट्या स्क्रिप्टला सगळ्या शक्यता देऊन जुळणारी घेणं हा रास्त मार्ग आहे, त्यात कमीपणा मानू नये.

सगळाच कचरा

एकही अक्षर जुळत नाही तेव्हा आधी कीवर संशय घ्या, आणि फ्लॅगच्या ठरलेल्या उपसर्गाचा उपयोग करा. एक्सऑरचा गुण असा की बदललेला बाइट आणि मूळ अक्षर दोन्ही माहीत असली तर की आपोआप मिळते.

माझ्या अनुभवातलं एक कोडं सांगतो. तक्त्याची सुरुवात हेक्स २४, २ई, २३, २५, ३९ अशी होती. डेटा विभागात की स्पष्ट दिसत होती, हेक्स १३. उलटवलं तर निव्वळ कचरा. लूप तीन वेळा वाचला, एक्सऑरशिवाय त्यात काहीच नव्हतं. शेवटी उपसर्गाची अक्षरं तक्त्याशी एक्सऑर केली: २४ आणि ६६, उत्तर ४२. २ई आणि ६सी, उत्तर ४२. पाचही वेळा ४२. म्हणजे लूपचं वाचन बरोबर होतं, चालताना की १३ नव्हती, ४२ होती. १३ आणि ४२ चं एक्सऑर ५१. मग गिड्रात ५१ शोधला आणि एक चिमुकलं फंक्शन सापडलं, जे मेनच्या आधीच चालत होतं आणि की बदलून जात होतं. एल्फ फाइलमध्ये (लिनक्सच्या बायनरीचा प्रकार) इनिट अ‍ॅरे नावाचा विभाग असतो, त्यात नोंदवलेली फंक्शनं मेनच्या आधी चालतात. तेव्हापासून की दिसली की मी आधी तिचे सगळे संदर्भ काढतो: तिच्यात कोण कोण लिहितं? वाचणारा एक आणि लिहिणाराही एक निघाला तर लिहिणाऱ्याकडे आधी जायचं.

अशाच फंक्शनमध्ये कधी डीबगरची चौकशीही असते. लिनक्सवर प्रोग्रॅम पीट्रेस ही हाक मारतो, डीबगर आधीच जोडलेला असेल तर उत्तर उणे १ येतं, आणि मग की वेगळीच भरली जाते. विंडोजवर इजडीबगरप्रेझेंट हे काम करतं. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण वर सांगितलेली सुलट्या स्क्रिप्टची तपासणी जीडीबीवरच उभी आहे. इम्पोर्टच्या यादीत पीट्रेस दिसलं तर त्या हाकेनंतर थांबा, आरएएक्समध्ये शून्य टाका आणि पुढे जाऊ द्या. स्वतःच्याच कोडची बेरीज करून की बनवणारा प्रोग्रॅमही भेटतो. साधा ब्रेकपॉइंट म्हणजे कोडमध्ये लिहिलेला सीसी हा बाइट, त्यानं ती बेरीज बिघडते. तिथे हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरा, इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरवर असे एका वेळी ४ मिळतात.

की यादृच्छिक आकडे देणाऱ्या रँड फंक्शनमधून येत असेल आणि बीज (सुरुवातीचा आकडा) ठरलेलं असेल, तर पायथनच्या रँडममध्ये तेच बीज टाकून उपयोग नाही, दोघांची आकडे बनवण्याची रीतच निराळी. लिनक्सची बायनरी असेल तर पायथनच्या सीटाइप्समधून लिबसी (सीची मूळ लायब्ररी) उघडून तिचंच रँड वापरा. विंडोजच्या बायनरीला लिनक्सचं रँड चालणार नाही.

वाचता येतो, तरी चूक

सगळ्यात आधी इनपुट कसं दिलं ते पाहा. एकोनं पाइपमधून दिलं तर शेवटी नवी ओळ जाते, आणि एफगेट्सनं वाचणारा प्रोग्रॅम ती बफरमध्ये तशीच ठेवतो. लांबी एकानं जास्त भरते. उलटंही घडतं, लेखकानं नवी ओळ गृहीत धरून शेवटच्या बाइटावर शून्य लिहिलेलं असतं आणि नवी ओळ न जोडणाऱ्या प्रिंटएफनं दिलेल्या इनपुटचा शेवटचा कंसच खाल्ला जातो.

स्ट्रिंग्ज या साधनानं सापडलेला, अगदी तयार फ्लॅग असेल तर तो मुद्दाम ठेवलेला खोटाही असू शकतो. त्याच्याकडे जाणारा रस्ता बरोबर-इनपुटच्या शाखेतून जातो की नाही, हे संदर्भ बघून ठरवा.

झेड३ या अटी देऊन उत्तर काढणाऱ्या साधनानं सोडवलं असेल तर मात्र दोन जागा नक्की तपासा. बिटव्हेक्टरवर (झेड३ मधल्या ठरावीक रुंदीच्या आकड्यावर) उजवीकडे सरकवण्याचा नेहमीचा ऑपरेटर वापरला तर झेड३ ते चिन्हासकट करतं, बिनचिन्हाच्या सरकवण्यासाठी एलएसएचआर वेगळं लिहावं लागतं. लहान-मोठं ठरवण्याचंही तसंच, बिनचिन्हाच्या तुलनेला यूएलटी. आणि झेड३ पहिलं सापडलेलं उत्तर देतं, एकमेव नाही. अटी सैल असतील तर वाचता येण्याजोगी अनेक उत्तरं निघतात. अशा वेळी अडचण बहुधा फ्लॅगचा साइटवर स्वीकार न होण्याची असते, प्रोग्रॅम तर हो म्हणालेला असतो. उपसर्ग, शेवटचा कंस आणि छापता येणारी अक्षरं या अटी घाला, मिळालेलं उत्तर निषिद्ध करून पुन्हा विचारा, आणखी उत्तर निघालं तर एखादी अट वाचायची राहिलीय.

फाइल चालतच नसेल तर तो वेगळा विषय, पण दोन ओळींत: आधी फाइल कमांडनं जात बघा. ३२ बिटांची बायनरी ६४ बिटांच्या यंत्रणेवर, फाइल समोर असूनही, अशी फाइलच नाही म्हणून ओरडते, कारण तिचा ३२ बिटांचा लोडर बसवलेला नसतो. आणि अनोळखी बायनरी नेहमी व्हर्च्युअल मशिनमध्येच चालवा.

एवढं करूनही अडलात आणि स्पर्धा संपल्यावर कुणाला विचारायचं झालं, तर नुसतं फ्लॅग येत नाही असं लिहू नका. फाइल कमांडचं उत्तर, तुम्ही दिलेलं इनपुट, तुलनेआधी मेमरीत असलेले पहिले १६ बाइट आणि तुमच्या सुलट्या स्क्रिप्टनं काढलेले १६ बाइट, एवढं एकाखाली एक मांडा. बहुतेक वेळा ते मांडतानाच वेगळा पडलेला बाइट तुम्हाला स्वतःलाच दिसेल.